भूपाल चौगुलेंचा घोट

"गाल फुगवा आणि हवा आत धरून ठेवा," मी म्हटलं.

भूपाल चौगुलेंनी गाल फुगवले. मी दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून पाहिले. अर्धांगाच्या झटक्यानंतर चौथ्या दिवशी बहुतेकांच्या ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निसटते. यांची जराही निसटली नाही. डावा हात मांडीवर लुळा पडलेला, बोलणं जड झालेलं, पण गाल टणक.

"चाळीस वर्सं फुंकणी फुंकल्यात त्येंनी," पलंगाशी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली. "गॅसची बत्ती आली तरी बारीक जोडाला फुंकणीच लागती म्हणायचे. नाकानं श्वास घ्यायचा आन् तोंडानं फुंकत ऱ्हायचं. ज्योत हलली की पैंजणाची कडी जळून गेली."

ते हुपरीचे चांदीचे कारागीर होते, पैंजण घडवणारे. वय बासष्ट. बायकोचं नाव राजाक्का. ठेंगणी, सावळी, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. नाकात सोन्याची लहानशी चमकी. ती त्यांनीच घडवलेली, हे मला नंतर कळलं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासावर उपचार करणारी थेरपिस्ट म्हणून कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागून आठ महिने झाले होते. झटक्यानंतर घसा नीट चालत नसेल तर घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि फुफ्फुसात जंतू धरतात. म्हणून अशा पेशंटला तोंडाने काही देण्याआधी मला बोलावलं जायचं. तोवर नाकातल्या नळीतून पातळ खाणं चालू असायचं. मी 'चालेल' लिहिलं की नळी निघायची.

मी त्यांना ताठ बसवलं. कंठावर दोन बोटं ठेवली आणि चमचाभर पाणी तोंडात सोडलं. कंठ वर उचलला गेला, खाली आला. खोकला नाही.

"आ म्हणा."

"आऽऽ."

आवाज कोरडा, स्वच्छ. पाणी घशात राहिलं असेल तर आवाजात गुळण्या केल्यासारखी घरघर येते. तशी नव्हती. आणखी दोन चमचे दिले. मग कपाने दिलं. त्यांनी सलग पाच-सहा घोट घेतले आणि कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. चार दिवसांनी पाणी प्यायल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता.

"बाई," राजाक्का म्हणाली, "ह्येंच्या डोळ्याला पाणी येतंय बगा."

"नाकात नळी आहे ना. त्यानं येतं."

"नळी चार दिस हाय. डोळ्याला आत्ताच आलंय."

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं आणि फॉर्म पुढे ओढला.

सव्वाचार वाजले होते. शनिवार. पाचच्या गाडीने मला पुण्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांची साठीशांत होती आणि आईचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. मी लिहिलं, 'तोंडाने मऊ आहार व पाणी देण्यास हरकत नाही.' सही केली. जाता जाता राजाक्काला म्हटलं, "सावकाश भरवा हं. बसवून."

"व्हय, व्हय. मी भरवतो की," ती म्हणाली. तिकडच्या जुन्या बायका बोलतात तसं, पुरुषी रूपात. "दिवस मावळायच्या आत जेवायची सवय हाय त्यास्नी. आज बसूनच भरवतो."

मला गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली.

सोमवारी दुपारी बाराला परत आले तर भूपाल चौगुलेंचा पलंग रिकामा होता. लोबो सिस्टर चादर बदलत होत्या.

"आयसीयूत हलवलं," त्या म्हणाल्या. "काल रात्रीपासून ताप. सकाळी धाप लागली. उजव्या फुफ्फुसात खाली पांढरं दिसतंय. न्यूमोनिया."

मी जिना चढून वर गेले. आयसीयूच्या दारात डॉक्टर हेरवाडकर उभे होते. समोर राजाक्का आणि तिचा धाकटा दीर सुकुमार. सुकुमार चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हुपरीतलं दुकान तोच बघायचा.

"काल काय काय भरवलंत?" डॉक्टर विचारत होते.

"भात. मऊ केल्याला. आन् आमटी. दुपारी ताक," राजाक्का म्हणाली.

"बसवून?"

"व्हय. उशीला टेकवून."

"किती उश्या?"

"एकच हुती."

"एक उशी म्हणजे आडवंच झालं की ओ बाई!" डॉक्टरांचा आवाज चढला. "सगळी तपासणी व्यवस्थित झाली होती. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, तोंडाने द्यायला हरकत नाही. माणूस घरी जायच्या वाटेवर होता. आडवं पाडून आमटी घातलीत तोंडात!"

राजाक्काने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"वैनी, तुला किती येळा सांगितलंतं, सिस्टरला इचार म्हणून," सुकुमार म्हणाला. "घरच्यागत करायला हे काय घर हाय?"

"मी बसीवलंतं रे सुकुमार."

"आता तू आत जाऊ नगंस. काय करायचं ते सिस्टर करतील."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आलीस? फाइल बघून घे. तुझं काही नाही यात."

मी मान हलवली. एवढंच केलं. पायऱ्या उतरून माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि बराच वेळ हात धूत बसले.

फाइल बघायची मला गरज नव्हती. आमच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी शिकवतात की पाण्याची चाचणी जमली म्हणजे तपासणी संपली नाही. पहिलं जेवण समोर बसून बघायचं. अर्धा तास. कारण काही पेशंटच्या घशाची जाणीवच गेलेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि त्यांना खोकलाही येत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं. दिसलंच तर काहीतरी बारीक दिसतं. नाक गळतं, श्वास भरभर होतो. डोळ्यांतून पाणी येतं.

त्या माणसाचे गाल बघून मी खूश झाले होते. गालांची ताकद आणि घशाची जाणीव यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. आणि त्या दिवशी पाच वाजता मला गाडी होती.

मंगळवारी मी दवाखान्यात सगळीकडे फिरत राहिले. एका जागी बसवत नव्हतं. ओपीडीत आलेल्या तोतऱ्या मुलीला तेच तेच वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिच्या आईच्याही ते लक्षात आलं. जेवणाचा डबा उघडला आणि मिटला. आयसीयू वरच्या मजल्यावर, माझी खोली तळमजल्यावर. माझं तिथे काही काम नव्हतं. तरी मी चार वेळा वर गेले. चारही वेळा राजाक्का जिन्यासमोरच्या बाकावर बसलेली. पायाशी पिशवी, पिशवीत स्टीलचा तांब्या. तिच्यासमोरून जाताना मी हातातल्या कागदांकडे बघत होते. त्या कागदांवर काहीही नव्हतं.

चौथ्या वेळी मी आत गेले. भूपालकाकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. नाकात पुन्हा नळी. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. उजवा हात उचलला आणि एक बोट आपल्या नाकपुडीवर ठेवलं. मग तोच हात हवेत फिरवला.

"मास्क टोचतोय का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा बोट नाकपुडीवर, डाव्या बाजूला, चमकी असते तिथे. पुन्हा हात फिरवला. डोळे माझ्यावर रोखलेले.

ती कुठे आहे, असं ते विचारत होते. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

"आराम करा," मी म्हटलं. "बोलू नका." आणि बाहेर आले.

बाकावर राजाक्काने मान वर केली. "कसं हायत?"

"बरे आहेत."

"जेवलं का काय... न्हाई, नळीनंच देत असतील." तिने स्वतःच दुरुस्त केलं. "बाई, एक इचारू? एका उशीनं एवढं हुतंय?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, "डॉक्टर बघताहेत."

बुधवारी सकाळी लोबो सिस्टरांनी मला जिन्यात गाठलं. "त्या बाईला काही सांग. सोमवारपासून खाल्लेलं नाही. तांब्यातलं पाणी पिते तेवढंच. जैन आहेत, मला वाटलं उपास असेल. विचारलं तर म्हणते, ह्येंच्या पोटात माझ्या हातचं गेलं आन् असं झालं, आता माझ्या तोंडात काय घालू."

मी तिथूनच डॉक्टर हेरवाडकरांच्या केबिनकडे वळले. ते कुणाचा तरी एक्स-रे उजेडासमोर धरून बघत होते.

"सर, चौगुलेंची तपासणी मी अर्धवट केली होती."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "म्हणजे?"

"पहिलं जेवण मी समोर बसून बघितलं नाही. मला गाडी पकडायची होती. आणि पाणी देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्या बायकोनं दाखवलं. मी लक्ष दिलं नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. ते वाईट माणूस नव्हते. मला कामाला त्यांनीच लावलं होतं. त्याआधी त्या दवाखान्यात गिळण्याची तपासणी कोणी करतच नव्हतं.

"दीप्ती, बस. खोकला आला होता?"

"नाही."

"आवाज बदलला?"

"नाही."

"मग तुला कळणार कसं होतं? असे पेशंट सगळ्यांना फसवतात."

"जेवताना बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं."

"कदाचित. ते कुठे लिहिलंयस का, की बघितलं नाही म्हणून?"

"नाही."

"मग राहू दे. औषधं तीच आहेत, उपचार तोच आहे. तू सांगितल्यानं त्यांचं फुफ्फुस लवकर साफ होणार नाही. पण तो भाऊ आहे ना, त्याला कळलं तर उद्या खाली पन्नास माणसं उभी राहतील. काचा फुटतील. तुझं शिक्षण, तुझी नोकरी..." त्यांनी हात उडवला. "आणि हा विभागच बंद करतील. मग पुढच्या पेशंटला कोण बघणार?"

"आणि राजाक्का?"

"कोण राजाक्का?" डॉक्टर म्हणाले.

मी उठले. त्यांनी मागून हाक मारली, पण ती फक्त दार लावून घे म्हणून होती.

त्या दिवशीही मी सांगितलं नाही. पन्नास माणसं मला दिसत होती, काचा ऐकू येत होत्या. संध्याकाळी मी रंकाळ्यावर गेले आणि कडेकडेने इतकी चालले की चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी खोलीवर आले. आईचा फोन आला. साठीशांतीचे फोटो धुऊन आले होते. "तू किती छान दिसतेयस गं," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास मी वर गेले. राजाक्का बाकावर होती, शेजारी सुकुमार. त्याने केळी आणली होती आणि एक सोलून तिच्यापुढे धरत होता. ती मान हलवत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. वाक्य जिन्यातच जुळवलं होतं, पण तिथे पोचल्यावर ते आठवेना.

"राजाक्का, तुमच्या भरवण्यानं झालेलं नाही हे," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालंय."

मग मी सगळं सांगितलं. पाण्याची चाचणी, जेवण बघायचं राहिलं ते, गाडी, डोळ्यांतलं पाणी. "त्यांच्या घशाला आत काही गेल्याचं कळतच नाही. त्यामुळे खोकला येत नाही. दोन उश्या असत्या, चार असत्या, तरी बहुतेक हेच झालं असतं. तुम्ही मला दाखवलं होतं. मी बघितलं नाही."

सुकुमार ताडकन उभा राहिला. केळं त्याच्या हातात तसंच. "काय म्हंतासा मॅडम? आन् डॉक्टर सगळ्यांच्या म्होरं वैनीला बोलले! मी सुदिक..." तो थांबला. त्याने वहिनीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग तो पुन्हा माझ्याकडे वळला. "हे मी सोडणार न्हाई. ट्रस्टकडं जातो. आत्ताच्या आत्ता जातो."

"जा," मी म्हटलं. "मी लिहून देते."

"सुकुमार, गप," राजाक्का म्हणाली. ती हळूच उठली, बाकाला धरून. तीन दिवसांच्या उपासाने तिचा तोल जात होता. "बाई, तुमास्नी हे कवा कळलं?"

मी सुकुमारच्या हातातल्या केळ्याकडे बघितलं.

"आज कळलं?"

"नाही. सोमवारी. गावाहून आल्या आल्या."

तिने माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजी काल-परवा हितनं जात हुतासा, तवा ठावं हुतं."

"हो."

"मी तुमास्नी उशीचं इचारलं, तवाबी."

"हो."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि आयसीयूचं दार ढकलून आत गेली. सिस्टरांनी अडवलं नाही. मीही मागोमाग गेले, दाराशीच थांबले. भूपालकाकांनी डोळे उघडले. मास्कच्या आत ओठ हलले. तिने वाकून मास्क जरासा बाजूला केला.

"कु... ठं... हुतीस?" ते म्हणाले. आयसीयूत आल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले शब्द.

"हितंच हुतो," राजाक्का म्हणाली. "दाराच्या भायेर."

त्यांनी तिचा हात धरला. मी जिना उतरून खाली गेले आणि लिहायला बसले.

पन्नास माणसं आली नाहीत. सुकुमार एकटाच ट्रस्टच्या कचेरीत गेला. माझा लेखी जबाब त्याच्या तक्रारीला जोडला गेला. मला ताकीद मिळाली. सहा महिने माझ्या प्रत्येक तपासणीवर डॉक्टरांची सही लागेल, असा हुकूम निघाला. डॉक्टर हेरवाडकर काही आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. विभाग बंद झाला नाही.

भूपालकाका वाचले. दहा दिवसांनी ताप पूर्ण उतरला. मग मी एक्स-रेच्या चलत्‌चित्रावर गिळण्याची तपासणी मागून घेतली. पांढरं औषध पाण्यात कालवून चमच्याने द्यायचं आणि ते घशातून कसं उतरतं ते पडद्यावर बघायचं. राजाक्काला मी जड शिशाचा अंगरखा घालून आत उभं केलं. कोणी तसं करत नसे. पडद्यावर घोट काळा दिसतो. पहिल्याच चमच्याला त्याची बारीक धार पुढच्या नळीत घसरली. भूपालकाका शांत बसलेले. खोकला नाही. डोळ्यांत पाणी.

"हे गेलं ते कुठं गेलं?" तिने विचारलं.

"फुफ्फुसाकडे."

"आन् ह्यास्नी कळलंच न्हाई?"

"नाही."

मग मी तोच घोट घट्ट कढीएवढा दाट करून दिला, हनुवटी छातीला टेकवायला लावून. तो मागच्या नळीतून सरळ खाली उतरला. राजाक्काने तीन वेळा तेच पुन्हा करून दाखवायला लावलं. चौथ्यांदा चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः भरवला. मी बाजूला झाले.

तीन आठवड्यांनी ते घरी गेले. निघायच्या दिवशी सुकुमार गाडी आणायला गेला होता. राजाक्का माझ्या खोलीशी आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच थांबली.

"चूक झाली ती झाली," ती म्हणाली. "ती मी कवाच सोडली. कामात हुती चूक. ह्येंच्या शेजारी काम करताना माझ्या हातानं बी कड्या जळाल्यात. पर त्या चार दिसांचं मला न्हाई जमणार. हे मरणाच्या दारात मला हुडकत हुते, आन् मी बाकावर बसून सोताला खात हुतो. तुमास्नी सगळं ठावं हुतं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. माफ करा, असं म्हणायचा मला धीर झाला नाही.

"म्हैन्यानं आणतो त्यास्नी," ती म्हणाली आणि गेली.

मला वाटलं, ती दुसरीकडे दाखवेल. पण महिन्याने आली. नंतर दर महिन्याला आली. मी भूपालकाकांना तपासायचे, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. ती समोर बसून माझ्या हातांकडे बघायची. चहा विचारला तर नको म्हणायची. हसली कधी नाही. आणि सगळं झाल्यावर, उठायच्या आधी, दर वेळी एकच प्रश्न विचारायची.

"अजून काय सांगायचं ऱ्हायलंय?"

आणि मी सांगायचे. आहे ते सगळं. साधं पातळ पाणी त्यांना कदाचित कधीच पिता येणार नाही. वजन दोन किलोने उतरलंय, ते मला आवडलेलं नाही. मागच्या महिन्यात दिलेला मानेचा व्यायाम उपयोगी पडला नाही, मी चुकीचा निवडला होता, आता बदलते आहे. ती ऐकायची. कधी मान हलवायची, कधी नाही.

सातव्या महिन्यात भूपालकाका काठी घेऊन स्वतः चालत आले. मऊ भात-वरण स्वतःच्या हाताने खाऊ लागले होते. बोलणं बरंच सुटलं होतं. मी म्हटलं, आता तीन महिन्यांनी या, दर महिन्याला यायची गरज नाही.

राजाक्काने पिशवी मांडीवर घेतली. "अजून काय सांगायचं ऱ्हायलंय?"

त्या दिवशी सगळं चांगलं होतं. 'काही नाही' म्हणता आलं असतं. भूपालकाका समोर बसून हसत होते.

"झटका पुन्हा येऊ शकतो," मी म्हटलं. "औषधं घेतली तरी."

भूपालकाकांचं हसू थांबलं. राजाक्काने माझ्यावरची नजर काढली नाही.

"कवा?"

"ते मला माहीत नाही."

तिने पिशवी खाली ठेवून आपली खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"बरं," ती म्हणाली. "मग आला तर काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेवा. मी आयकतो."